सुंदर वहीचा घोळ

आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुलै-ऑगस्ट आला की वह्यांच्या फोटोंचा पूर येतो. पहिलीच्या पोरांच्या वह्या, चौकटीत बसवलेली टपोरी अक्षरं, वर तारीख, खाली लाल पेनाने स्टार आणि "छान". मग खाली अंगठे, टाळ्या, "ग्रेट वर्क मॅडम". मी पण अंगठा देते, उगीच कशाला कुणाचं मन मोडायचं. पण खरं सांगू का, ते फोटो बघितले की माझ्या डोक्यात एकच येतं, फळा पुसून हीच वही या लेकराच्या हातात देऊन "वाच बरं बाळा, काय लिहिलंस" असं कोणी विचारलंय का?

घरी पहिली-दुसरीतलं लेकरू असेल तर करून बघा एकदा. त्याच्याच अक्षरातलं शुद्धलेखन पुढे धरा आणि मधल्याच कुठल्या तरी शब्दावर बोट ठेवा. पहिल्या शब्दापासून नका म्हणायला लावू, तसं केलं तर पाठ असलेलं धडाधड म्हणून दाखवतात आणि आपल्याला वाटतं वा, वाचतंय की. मधल्या शब्दावर बोट ठेवलं की बरीच पोरं गप्प होतात आणि आपल्या तोंडाकडे बघायला लागतात, बाईंच्या ओठांवरून काही कळतंय का म्हणून.

मी बीड जिल्ह्यात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी सरांकडे. एका खोलीत दोन वर्ग म्हटल्यावर एका वर्गाला काहीतरी लिहायला देऊन गप्प बसवल्याशिवाय दुसऱ्याला शिकवताच येत नाही, त्यामुळे "फळ्यावरचं उतरवून घ्या रे" हे वाक्य आमच्या तोंडात कायम. आणि तिथेच गोची आहे.

बघून लिहिणारं पोर कसं लिहितं ते शेजारी बसून बघण्यासारखं असतं. समजा 'कमळ' लिहायचंय. फळ्याकडे बघितलं, एक गोल काढला. परत बघितलं, उभी रेघ. परत बघितलं, उजवीकडचा आकडा. एका क ला तीनदा मान वर. पुस्तकात बघून ठिपके जोडत रांगोळी काढावी ना, अगदी तसं. शेवटी चित्र सुंदर येतं, पण त्यातून आवाज काही येत नाही. एकदा शब्दाच्या शेवटी माझा खडू घसरून एक तिरकी रेघ ओढली गेली, ती पुसायची राहिली, तर निम्म्या वह्यांत ती रेघ पण व्यवस्थित उतरली होती. कोपऱ्यात सरांनी तांदळाचा हिशोब लिहून ठेवलेला, तो पण एकाने सुवाच्य अक्षरात घेतला.

ज्याला वाचता येतं ते पोर असं करत नाही. ते एकदा वर बघतं, 'कमळ' असं पुटपुटतं आणि खाली मान घालून अख्खा शब्द लिहून टाकतं. म्हणजे मान किती वेळा वर होतेय एवढं जरी बघितलं तरी वर्गात कोण वाचतंय आणि कोण चित्र काढतंय हे पाच मिनिटांत कळतं, त्याला वेगळी चाचणी नको की फॉर्म नको. ग्रुपवर ही ट्रिक सांगितली तर तिला दोनच अंगठे आले, ते जाऊ दे.

आता हे होतं कशामुळे, तर माझ्या मते सगळ्यात जास्त क्रमामुळे. पुस्तकात काहीही असो, गावात अजून पहिलीचा अभ्यास म्हणजे अ अननसाचा पासून ज्ञ पर्यंत सरळ रेषेत जायचं, ते संपलं की बाराखडी. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाच्या बारा आकृत्या, गुणाकार केला तर चारशेच्या वर जातात. आता तर ॲ आणि ऑ धरून चौदाखडी झालीये. हे सगळं उरकलं की मग शब्द आणि त्यानंतर कधीतरी वाक्य. जूनमध्ये शाळेत आलेलं लेकरू काहीतरी अर्थ असलेलं पहिलं वाक्य वाचतं कधी, तर संक्रांतीच्या आसपास. ज्याच्या घरी आई रोज संध्याकाळी घेऊन बसते त्याचं यात निभावून जातं.

पण आमच्या इथं दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेले असतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि घरी सांभाळायला आजी नसेल तर पोरं पण त्याच ट्रॅक्टरवर बसून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात. परत येतात ती होळी-पाडव्याच्या सुमाराला. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे ते दाखवलं की तिकडच्या शाळेने पोराला बसवून घ्यायचं. कागदावर सगळं आहे हो. पण सहा-सात वर्षांच्या पोरीला नेलेलंच असतं ते कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला कोणीतरी पाहिजे म्हणून, ती ते कार्ड घेऊन कुठल्या शाळेत जाणार?

म्हणजे माझ्या हातात जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ, त्यात गणपती, त्यात पोळा, त्यात ट्रेनिंग, त्यात निवडणुकीची कामं. तेवढ्यात मी जर तिला ण बाणाचा पर्यंत आणून सोडलं तर ती एकही वाक्य न वाचता जाणार आणि पाडव्याला सगळं विसरून येणार, मग पुढच्या जूनमध्ये परत अ अननसाचा. असं करत करत चौथीला पोचलेली पोरं मी बघितलीत, वह्या एक नंबर. म्हणून माझं सगळं नियोजन उलट्या बाजूने असतं. दिवाळीच्या आत प्रत्येक पोराने काहीतरी स्वतःहून वाचलेलं पाहिजे आणि स्वतःच्या मनातलं एक तरी वाक्य लिहिलेलं पाहिजे, मग अक्षरं दहाच येईनात का.

सुरुवात मी क, र, न, त, म एवढ्याच अक्षरांवर करते आणि सोबत काना आणि दुसरी वेलांटी लगेच देऊन टाकते, बाराखडीची वाट बघत बसत नाही. एवढ्यात काय होतं ते बघा:

काका रानात. काकी रानात. रानात मका. मामी, ताक कर.

पाच अक्षरं आणि दोन चिन्हं, आणि लेकरू चार वाक्यं वाचतंय, ती पण त्याच्या घरातली. कान, नाक, मान, माती, रात, तार, तीन, कमान असे सुटे शब्द तर कितीतरी. 'मामी, ताक कर' ला दरवर्षी हशा पिकतो कारण वर्गात कुणीतरी एक ठसकेबाज पोरगी असतेच जिला सगळे मामी म्हणतात. मग स आणि प आले की 'मामा, साप!' हे वाक्य फळ्यावर येतं. आमच्याकडचं सगळ्यात हिट वाक्य. ते वाचून दाखवायला रांग लागते, कारण ते ओरडूनच वाचायचं असतं, आणि उद्गारचिन्ह कशाला असतं हे मला आजपर्यंत वेगळं शिकवावं लागलेलं नाही.

ही काही माझी अक्कल नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी यावर केवढं काम करून ठेवलंय. बाई मूळच्या अमेरिकेतल्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, मराठी शिकल्या, फलटणलाच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, प्रगत शिक्षण संस्था काढली, कमला निंबकर बालभवन काढलं. तिकडे पालघर जिल्ह्यात वाड्याला क्वेस्ट संस्थेचे निलेश निमकर आणि त्यांची मंडळी आदिवासी भागातल्या पोरांबरोबर हेच करत आलीयेत. अक्षरं थोडी थोडी गटाने द्यायची, काना-मात्रा पहिल्यापासून द्यायच्या, आणि बरोबरीने भरपूर गप्पा, गोष्टी, चित्रं आणि पोरांचं स्वतःचं लिखाण. यातलं पहिलं शिक्षक पटकन उचलतात. दुसरं मात्र राहून जातं कारण गप्पा मारणारा वर्ग बाहेरून गोंधळासारखा दिसतो. आमच्या आधीच्या पिढीत ग, म, भ, न असा क्रम असायचा तो हाताला सोपं वळण म्हणून, तो पण वाईट नाही, पण त्या चार अक्षरांत आमच्या पोरांच्या रोजच्या तोंडातला शब्द सापडेना म्हणून मी सोडला.

अक्षर ओळखणं आणि वाचणं यात केवढी मोठी दरी आहे हे पहिलीला शिकवल्याशिवाय कळत नाही. पोराला क येतो, प येतो, पण 'कप' दाखवला की ते म्हणतं कमळ-पतंग. त्याची चूक काय, आपणच त्याला क म्हणजे कमळाचा म्हणून शिकवलाय. ते सोडवलं तर पुढची अडचण. लेकरू कऽऽ मऽऽ ळऽऽ असं म्हणतं, प्रत्येकात अ लांबवून. आपण बोलतो ते 'कमळ्', शेवटचा अ आपण गिळतो. 'करवत' मध्ये तर मधलाच गिळतो, कर्-वत म्हणतो. आपल्याला सवय झालीये म्हणून कळत नाही, पण त्या पोराने कऽरऽवऽतऽ असं चार तुकड्यांत म्हटलं तर त्याला त्याच्या बापाच्या हातातली रोजची करवत त्यात ऐकू येणार कशी? म्हणून वाचायच्या आधी कानाचं काम. पाटी बाजूला, डोळे मिटायचे आणि मी म्हणणार "का... न", त्यांनी जोडून सांगायचं. मग "मा... ती". मग उलटं, मी अख्खा शब्द म्हणणार आणि ते टाळ्या वाजवत तोडणार. पोषण आहाराच्या रांगेत, हात धुताना, कुठेही होतं हे, साहित्य काही लागत नाही. जे पोर तोंडी जोडू शकतं ते कागदावर जोडतंच थोड्या दिवसांत, आणि जे तोंडी जोडत नाही त्याच्यापुढे बाराखडीचा तक्ता रोज सकाळी घोकला तरी काही होत नाही.

पहिल्या वेलांटीचा घोळ तर काय वर्णावा. 'दिवस' म्हणताना कानाला आधी द ऐकू येतो मग इ, आणि लिहायची मात्र वेलांटी आधी. म्हणून पोर आधी द लिहून मोकळं होतं, मग वेलांटी देतं ती पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते आणि दिवसचा 'दविस' होतो. ही निष्काळजीपणाची चूक नाहीये, त्याने ऐकलं तसंच इमानदारीत लिहिलंय. मी सुरुवातीला दुसरीच वेलांटी वापरते ती यासाठी. शुद्धलेखनवाले रागावतील, पण बोलताना आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ असा फरक करतो तरी कुठे, १९६२ साली नियम ठरले आणि १९७२ ला त्यात भर पडली, ते मोठ्या माणसांना पाठ होत नाहीत आणि सहा वर्षांच्या पोराच्या वहीत मात्र लाल गोल. रफाराचं तर वेलांटीच्याही वरताण. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यात क्र चा र वेगळा, ट्र चा वेगळा, दुसऱ्याच्या मधला वेगळा. चार वेशातला एकच र. हे मी दुसरीच्या दुसऱ्या सत्रावर ढकलते आणि तोवर पोरांनी 'सुरय' लिहिलं तरी मला चालतं, कारण ते वाचता येतं.

मला चालतं म्हणजे काय ते जरा सांगते कारण यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतात. आमच्याकडे रोज सकाळी हजेरीनंतर पाटीवर एक वाक्य लिहायचं असतं, काल काय झालं ते. फळ्यावर काही नाही, बघायला काही नाही. सुरुवातीला चित्र काढलं तरी चालतं, चित्राखाली एक शब्द आला तरी चालतं. दसऱ्याच्या जवळपास एका पोरीने लिहिलेलं जसंच्या तसं देते:

मपलि शेळी येली. दोन करड. एक काळ एक पांडर. काळ मप.

म्हणजे माझी शेळी व्याली, दोन करडं झाली, एक काळं एक पांढरं, त्यातलं काळं माझं. चौकटीत बसवलेलं 'कमल नमन कर' एकीकडे आणि हे एकीकडे, यात लेखन कुठलं ते तुम्हीच सांगा. आणि चुका बघाल तर त्या चुकांतूनच मला कळतं पुढे काय शिकवायचं. करडं, काळं, पांढरं, मपं, चारही शब्दांत शेवटचा अनुस्वार गेलाय, पण 'पांडर' मध्ये पा वरचा मात्र बरोबर आहे. का, तर तिथे न चा आवाज खरोखर ऐकू येतो. शेवटी नाही येत, तिथे नुसता अ लांबतो. एकच टिंब आपण दोन कामांना वापरतो, आंब्यात वेगळ्या आणि झाडं मध्ये वेगळ्या, आणि पोरीला पहिलं काम समजलंय, दुसरं नाही. झालं, पुढच्या आठवड्यात आम्ही घरं, झाडं, पोरं, करडं, गुरं हेच घेतलं. ढ च्या जागी ड आलाय कारण आम्ही इकडे म्हणतोच पांडरं. त्याला मी हात लावला नाही.

'मपली' ला पण हात लावत नाही, पहिलीत तर नाहीच. आमच्या सरांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, मॅडम सवय लागली की चौथीत मोडता मोडत नाही, आणि निस्तरायचं मला. त्यांचं पण बरोबर आहे त्यांच्या जागी. पण माझा अनुभव असा की पुस्तकं वाचायला लागली की तिसरी-चौथीत 'माझी' आपोआप यायला लागतं, घरी मपली आणि वहीत माझी, पोरं दोन्ही सांभाळतात. आणि पहिल्याच वाक्यावर "मपली नाही म्हणायचं, चुकीचं आहे" असं म्हटलं तर ते पोर उद्यापासून 'कमल नमन कर' लिहील, त्यात चूक निघत नाही ना. मी एवढंच करते की तिच्या वाक्याखाली माझ्या अक्षरात तेच वाक्य टिंबं-वेलांट्या नीट देऊन लिहिते आणि तिला वाचायला लावते. ती दोन्हीकडे बघते, कधी कधी स्वतःच पाटीवर टिंब देऊन येते.

पालकांना हे पटवणं अवघड जातं. "बाई चुका काढत नाहीत" ही माझ्याविरुद्धची कायमची तक्रार. शेजारच्या इंग्लिश मिडीयमच्या पोराची वही आणून दाखवतात, बघा कसं मोत्यासारखं. एकदा वरून भेटीला आलेल्या एका साहेबांनी पण माझ्या वर्गातल्या वह्या चाळून विचारलं होतं, लाल पेन कुठे दिसत नाही? मी म्हटलं साहेब, कुठलंही पोर उठवा आणि त्यालाच त्याची वही वाचायला सांगा. वेळ नव्हता त्यांना, पुढच्या शाळेला जायचं होतं. शेऱ्यात "वह्या नियमित तपासाव्यात" असं आलं. असो.

तपासणीवरून आठवलं, केंद्र सरकारचं निपुण भारत. ५ जुलै २०२१ ला हे अभियान सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे असं त्याचं लक्ष्य आहे. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला ६० च्या वर. सुरुवातीला मी पण नाक मुरडलं होतं, वाचन काय शर्यत आहे का. पण वेगाला कारण आहे बरं का. पोर जर एकेक अक्षर जोडत वाक्याच्या शेवटाला पोचायला अर्धं मिनिट घेत असेल तर शेवटाला येईपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते, मग अर्थ कुठून लागणार. त्यामुळे एका ठरावीक वेगाच्या खाली समजणं जमतच नाही, हे खरं. वैताग येतो तो पुढच्या भागाचा. मोबाईलचं स्टॉपवॉच दिसलं की पोरं श्वास न घेता सुटतात, "बाई माझे किती आले?", आणि शेळी कुठे गेली होती विचारलं तर, कुठली शेळी? म्हणून मी घड्याळ लपवून लावते आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारतेच, उत्तर नाही आलं तर आकडा लिहीत नाही. 'असर' नावाच्या सर्वेक्षणातली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी जी पट्टी असते ना, ती मला जास्त आवडते, एका पोराला काही मिनिटं लागतात आणि लेकरू नक्की कुठे अडकलंय ते उघडं पडतं.

वाचायला द्यायचं काय हा पण प्रश्नच. आमच्या शाळेत पुस्तकांची पेटी आहे, पण त्यातली निम्मी पुस्तकं थोर पुरुषांची चरित्रं, बारीक टाईपातली. पहिलीच्या पोराला एका पानावर एक ओळ आणि मोठं चित्र लागतं. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं फुकट मिळतात, पातळीप्रमाणे लावलेली, ती मी प्रिंट काढून शिवते. चौथीच्या पोरांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट आहेत. फक्त मोबाईलवर वाचायला दिलं की एक नवीनच भानगड होते. फळ्यावरचा ल आणि श वेगळा आणि मोबाईलवरचा वेगळा, कारण बहुतेक फोनमध्ये हिंदी वळणाची अक्षरं असतात. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला जीआर काढून मराठीचे ल आणि श कसे असावेत ते ठरवून दिलंय, पण कंपन्यांच्या फोनला जीआर कुठे लागू होतो. पोरं विचारतात, "बाई हे काये?" मी सांगते, पाहुणा ल आहे. चालून जातं.

आणि रोज एक गोष्ट मी मोठ्याने वाचते, काहीही झालं तरी. सांगत नाही, वाचते, पुस्तक त्यांच्याकडे वळवून, ओळीखाली बोट फिरवत. ज्या घरात लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड सोडून छापील कागद नाही तिथल्या पोराला पुस्तकातून माणसं बोलतात हेच मुळात माहीत नसतं. ते माहीत झालं नाही तर ते अक्षरं कशासाठी शिकेल, बाई मारतील म्हणून? मारायची पण आता बंदी आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी जाणाऱ्या पोरांसाठी मी एकेक पिशवी करते. त्यात शिवलेली एक पातळ वही, पहिल्या काही पानांवर मी हाताने लिहिलेला मजकूर, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो कारण ज्याला जेवढी अक्षरं येतात तेवढ्याच अक्षरांत लिहायचा असतो. एखादी गोष्ट त्याच पोराने तोवर पाटीवर लिहिलेल्या वाक्यांची, शेळीवालीला शेळीची. पुढची पानं कोरी. सोबत पेन्सिली, शार्पनर आणि पाटी, पाटी यासाठी की कोपीत कागद टिकत नाही, दव पडतं, धाकटं भावंड फाडतं. बापाचा फोन असेल तर त्यावर व्हॉइस मेसेज पाठवायला सांगते, आठवड्यातून एकदा काहीतरी वाचून. येतात काहींचे, रात्री उशिरा, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. बऱ्याच जणांचे येत नाहीत, रेंज नसते, बॅलन्स नसतो, आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की पोरीचं वाचन रेकॉर्ड करून पाठवा.

कोऱ्या पानांवर काय काय लिहून आणतात ते बघण्यात माझा एप्रिल जातो. तिकडे वाचायला पुस्तक नसलं तरी ट्रॅक्टरच्या मागे 'आईचा आशीर्वाद' असतं, कारखान्यावर 'वजन काटा' असतं, दुकानाच्या पाटीवर गावाचं नाव असतं. एकाने पानभर नुसते 'एमएच २३' लिहून आणले होते, आपल्या जिल्ह्याच्या गाड्या ओळखू यायला लागल्या म्हणून. दुसऱ्याने टोळीतल्या सगळ्यांची नावं लिहिली होती, मुकादमाच्या नावासमोर उचलीच्या रकमेसकट, ती वही त्याच्या आईने हळूच मागून घेतली.

अक्षरं विसरतात, नाही असं नाही. घ आणि ध, भ आणि म, ड आणि ङ सारखी दिसणारी सगळी परत करावी लागतात. पण ज्याने जायच्या आधी स्वतःचं वाक्य लिहिलेलं असतं ते पोर परत आल्यावर पाटी घेऊन बसतं तरी. ज्याचं तेवढं पण झालेलं नसतं ते कोपऱ्यात जातं आणि शेजारच्याचं बघून लिहायला लागतं. म्हणून पाडव्यानंतर मी पहिली-दुसरी असं बघतच नाही, जो जिथे अडकलाय त्या गटात बसायचं. दुसरी संपली म्हणून कुणाला सरांच्या खोलीत पाठवून मोकळं व्हायचं हे पण बंद केलंय. आत्ता तिसरीत गेलेल्यांपैकी चार जण अजून शब्दांवरच आहेत, त्यांचा सकाळचा पहिला तास माझ्याकडे. सरांशी बोलून ठेवलंय, हजेरी तिकडे आणि बसायचं इकडे.